आर कोणता घ्यायचा?

सर, २ मोल वायू, १० लिटरचं भांडं, तापमान २७ अंश सेल्सिअस, दाब काढायचाय. माझं उत्तर ४९९ आलं, पुस्तकात ४.९ दिलंय. सूत्र बरोबर आहे, तापमानही ३०० केल्विन घेतलं. मग चुकलं कुठे?
– अकरावी सायन्स, विजापूर रोड, सोलापूर

तुझा आकडा चुकलेला नाही, त्याच्यापुढे एकक लिहायचं राहिलंय. पीव्ही = एनआरटी (दाब × आकारमान = मोल × आर × केल्विनमधलं तापमान; आर म्हणजे वायू स्थिरांक) मांडताना तू आर ८.३१४ घेतलास. हा आर ज्यूल प्रति मोल प्रति केल्विनमधला. २ × ८.३१४ × ३०० भागिले १० केलं की ४९८.८ येतात. आता एककं बघ. मोल आणि केल्विन कटले, वर ज्यूल उरला आणि खाली लिटर. ज्यूल प्रति लिटर म्हणजेच किलोपास्कल. १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ किलोपास्कल, त्यानं भागलंस की ४.९२ मिळतात. पुस्तकातलं उत्तर ते हेच. आर ०.०८२१ घेतला असतास तर उत्तर थेट ॲटमॉस्फिअरमध्ये आलं असतं, कारण तो आर लिटर-ॲटमॉस्फिअरमधला आहे. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असेल आणि आकारमान लिटरमध्ये, तर आर ६२.४.

आरच्या या सगळ्या किमती पाठ करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ८.३१४ एवढाच पक्का ठेव. त्याच्या जोडीला पास्कल आणि घनमीटर, नाहीतर किलोपास्कल आणि लिटर. दिलेली माहिती वहीत उतरवतानाच या एककांत बदलून घे, आणि प्रत्येक पायरीला आकड्याशेजारी एकक लिही. बहुपर्यायी प्रश्नात ओळखीचा आकडा दिसला की हात तिकडेच जातो. एकक लिहिलेलं असेल तर तो थांबतो.

मुलगी एका मोलचं आकारमान २२.७ लिटर म्हणते. आम्ही २२.४ शिकलो. खरं काय?
– एक पालक, बार्शी

दोन्ही खरं. शून्य अंश सेल्सिअसला दाब १ ॲटमॉस्फिअर धरला तर २२.४ लिटर, १ बार धरला तर २२.७. बार ॲटमॉस्फिअरपेक्षा जरासा कमी, म्हणून वायू जरा जास्त जागा घेतो. प्रमाण दाब १ बार धरावा हे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८२ मध्ये ठरवलं. तेव्हा मुलीनं प्रश्नात दाब कोणता दिलाय ते आधी वाचावं.

सकाळी २५ अंशांना गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली. दुपारी ४३ अंश झाले. गणितानं ५५ पीएसआय येतात! टायर फुटेल का?
– एक वाचक, सात रस्ता परिसर

नाही, निर्धास्त राहा. तुम्ही ३२ ला ४३ नं गुणून २५ नं भागलंत. सेल्सिअसचं शून्य हे पाणी गोठण्याचं तापमान, तिथे वायूचा दाब काही शून्य होत नाही. गुणोत्तर केल्विनमध्येच घ्यायचं: २९८ आणि ३१६. म्हणजे वाढ फक्त सहा टक्क्यांची.

पण इथे आणखी एक मेख आहे आणि ती भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. हवा भरण्याच्या मशीनवरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे एवढंच दाखवतो. सूत्राला मात्र एकूण दाब लागतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब १४ पीएसआयच्या आसपास असतो. म्हणून ३२ मध्ये १४ मिळवून ४६ घ्या. त्याला ३१६ नं गुणून २९८ नं भागलं की जवळपास ४९ येतात. त्यातून १४ वजा केले की काट्यावर ३५ दिसतील. टायरचं आकारमान बदलत नाही असं इथे धरलंय. गाडी पळाल्यावर आतली हवा बाहेरच्यापेक्षाही तापते, त्यामुळे काटा आणखी थोडा चढेल. तो चढलेला पाहून दुपारी हवा सोडू नका, सकाळी टायर गार असताना पुन्हा कमी भरेल. कंपनीनं सांगितलेला आकडा गार टायरचाच असतो.

सर, हवेची घनता ११७८ किलो प्रति घनमीटर आली. हवा पाण्यापेक्षा जड कशी?
– डिप्लोमा, पहिलं वर्ष, अक्कलकोट

उत्तर पाहून शंका आली, हे फार चांगलं झालं. घनता = पीएम भागिले आरटी, यात एम म्हणजे एका मोलचं वस्तुमान. तू दाब पास्कलमध्ये आणि आर ८.३१४ घेतलास, पण एम २९ म्हणजे ग्रॅममध्येच ठेवलास. उत्तर ११७८ ग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे १.१८ किलो. एम ०.०२९ किलो प्रति मोल घे. रेणूंचा वेग काढतानाही हेच होतं: ३०० केल्विनला नायट्रोजनसाठी २८ ठेवलेस तर सेकंदाला १६ मीटर येतात, ०.०२८ घेतलेस तर ५१७.