वडिलांचे बीपी दवाखान्यात वाढते, घरी नॉर्मल असते. याचा मधुमेहाशी संबंध आहे का?

होय, संबंध आढळतो: आपल्या वडिलांप्रमाणे ज्यांचा रक्तदाब दवाखान्यात १४०/९० च्या वर आणि घरी १३५/८५ च्या खाली असतो, त्या ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण सामान्य रक्तदाब असलेल्यांपेक्षा अधिक दिसते. इटलीतील मोंझा येथील ‘पामेला’ अभ्यासात, त्याच लोकांची सुमारे १० वर्षांनी पुन्हा तपासणी केल्यावर, हेच आढळले. मात्र डॉक्टरांसमोर वाढलेला दाबच साखर वाढवतो, असे यावरून सिद्ध होत नाही. वाढते वय, पोटाचा घेर आणि इन्सुलिनला शरीराने दिलेला कमी प्रतिसाद ही दोन्हींमागची सामाईक कारणे असू शकतात. त्यामुळे घरचे आकडे चांगले आहेत म्हणून निर्धास्त न राहता उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) अवश्य तपासून घ्यावे; उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मि.ग्रॅ./डेसिलिटर किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था समजली जाते. गर्दीच्या वाहतुकीतून दुचाकीवर येऊन, जिना चढून लगेच घेतलेले माप मुळात ग्राह्यच धरू नये. पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, पाच मिनिटे शांत बसल्यावरच दाब मोजावा.