नाकाबंदीत थांबवल्यास नव्या दुचाकीस्वाराने काय करावे

तुम्ही नुकतीच मोटारसायकल घेतली आहे आणि शनिवारी रात्री मित्रांसोबत बाहेर जाणार आहात, म्हणून हे आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रात दारूचा परवाना खिशात असला तरी त्याचा येथे काडीचा उपयोग नाही.

वांद्रे किंवा दादरच्या नाकाबंदीत हात दाखवला, की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि हेल्मेट काढून शांतपणे बोला. गणवेशातील पोलिसाला श्वासचाचणी घेण्याचा अधिकार आहे. मात्र यंत्राला नवी, न वापरलेली नळी लावण्याची विनंती तुम्ही अवश्य करा आणि पडद्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चाचणीस नकार देऊन सुटका होत नाही. संशयास कारण असेल तर त्यावरूनच विनावॉरंट अटक होऊ शकते.

अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, अन्यथा तुम्हाला कोठडीतून सोडावे लागते, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. वाहन चालवण्याचा परवाना काढून घेतला, तर त्याची पोचपावती मागून घ्या. हा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटवता येत नाही, त्यामुळे रस्त्यातच कोणी रोख रक्कम मागितली तर देऊ नका आणि स्वतःहूनही देऊ करू नका, न्यायालयात जा.