"पुस्तकात माझंच लिहून ठेवलंय"

"मॅडम, हे समदं माझंच लिहून ठेवलंय. मला बी डिप्रेशन झालंय का?" मुलीनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली. वय एकोणीस, गाव परभणीकडचं, लातूरला नीटचं दुसरं वर्ष. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुस्तक रूममेटचं होतं, नैराश्यातून गेलेल्या एका बाईचं आत्मकथन. ते वाचता वाचता रात्री एक वाजता तिनं मोबाइलवर नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी सोडवली. 27 पैकी 16 गुण आले. त्या रात्रीपासून झोप गेली ती गेलीच.

अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांचं तर हे जुनंच दुखणं आहे: वर्गात जो आजार शिकवतील तो अंगात दिसू लागतो. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, हे कमीजास्त सगळ्यांनाच होतं. कसलेल्या लेखकानं ते नेमक्या शब्दांत मांडलं की वाचणाऱ्याला आरसा समोर धरल्यासारखं होतं. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना 'खास तुमचं' म्हणून स्वभाववर्णन वाटलं. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, तोही भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. पहाटे दारात येणारा पिंगळा "बाई, तू समद्यांचं करतीस, तुझं कोणी करत नाही" म्हणतो, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकीला ते पटतं, त्यातलीच ही गत.

तरी "काही नाही, पुस्तक वाचून झालंय" म्हणून मुलीला परत पाठवणं चूकच. खरोखर आजारी असलेल्या कितीतरी जणांना आपल्या त्रासाचं नाव पहिल्यांदा पुस्तकातच सापडतं. म्हणून तपासायचं, आणि तेही दिवसाउजेडी.

तीच चाचणी सकाळी अकरा वाजता पुन्हा घेतली. या वेळी प्रत्येक प्रश्नाला विचारलं, "मागच्या चौदा दिवसांत किती दिवस? कोणते?" रात्री तिनं 'जवळपास रोज'वर बोट ठेवलं होतं, तिथं मोजल्यावर चार दिवस निघाले. झोपेचा आणि थकव्याचा हिशेब वेगळाच होता. दोनपर्यंत वाचन, आणि हॉस्टेलवर पाणी पहाटे येतं म्हणून सहाच्या आत उठणं. म्हणजे झोप जेमतेम चार तास. या वेळी बेरीज आठ झाली. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तो आडवळणानं नव्हे, थेट विचारला. अशानं मनात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे. तिचं उत्तर नाही असं होतं. या चाचणीत दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी, पण गुण म्हणजे निदान नव्हे. नैराश्याच्या निदानाला नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ लागतात. त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असावंच लागतं, आणि त्यामुळं बराच त्रास व्हायला हवा किंवा रोजची कामं अडायला हवीत. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यायला सांगितलं. मेसच्या जेवणावर राहणाऱ्या मुलींत रक्त कमी असणं काही नवलाचं नाही.

मग पुस्तक उघडलं. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्या तिनंच मोजल्या: एक्केचाळीस. त्यांतल्या एकोणतीस रेघा आजाराच्या वर्णनाखाली नव्हत्याच. लेखिका वडिलांना खरं सांगू शकत नाही, त्या प्रकरणात होत्या. एका वाक्याखाली रेघ इतकी दाबून ओढलेली की मागच्या पानावर वळ उठला होता. तीन महिने ही मुलगी सराव परीक्षेचे गुण घरी वाढवून सांगत होती. फी भरायला वडिलांनी सोयाबीन पडत्या भावात विकलं होतं. रेघ बहुतेक वेळा आजार दाखवत नाही, ठणका कुठं आहे ते दाखवते.

दोन आठवड्यांसाठी दोनशे पानी वही आणि चार रकाने दिले: वाक्य, शरीरात कुठं काय झालं, कशाची आठवण झाली, आणि माझ्याशी न जुळणारं काय. वाचन दिवसाला वीस पानं, रात्री नऊनंतर बंद. वाचलेलं पान परत काढायचं नाही, ऑनलाइन चाचण्या नाहीत, आणि रूममेटला "मी तसली वाटते का गं?" विचारायचं नाही. "नाही गं" ऐकलं की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा विचारावंसं वाटतं, आणि चिंता त्यावरच पोसते.

पहिला आठवडा फसला. दुसऱ्या रकान्यात सगळीकडं 'माहीत नाही' आणि चौथा कोरा. हे बहुतेकांचं होतं, कारण जुळणारं शोधायची नजर झालेली असते. मग दुसऱ्या रकान्यात घसा, छाती, पोट एवढंच छापलं आणि खूण करायला सांगितलं. चौथा रकाना आधी भरायचा असं ठरलं. त्यात पहिलं वाक्य आलं: "ह्या बाईला जेवण जात नव्हतं, मला दोन्ही वेळा भूक लागते."

मात्र वाचताना मरणाचे विचार येऊ लागले किंवा मरण्याच्या पद्धतीच्या वर्णनाकडं मन सारखं वळू लागलं, तर रकाने नकोत. पुस्तक बंद करायचं, जवळच्या माणसाला सांगायचं आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करायचा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागातही जाता येतं.

खरे गुण तिनं तिसऱ्या भेटीआधी घरी फोनवर सांगितले. वडील किती वेळ गप्प होते हे तिनं मोजलं नाही, पण पुढच्या महिन्याचे मेसचे पैसे वेळेवर आले. झोप सहा तासांवर आली, चाचणीत पाच गुण.

शेवटच्या भेटीत तिनं खोडरबर मागितला. पुस्तक परत द्यायचं होतं. एकेक रेघ खोडत म्हणाली, "तिनं वाचलं तर तिला माझं समदं कळंल." दाबून ओढलेली रेघ पुसली गेली, पण मागचा वळ काही गेला नाही. तिनं ते पान नखानं थोडं घासलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं.