सहलीसाठी नवी गाडी घ्यावी का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपण ५८ वर्षांचे असून दोन वर्षांनी खासगी कंपनीतून निवृत्त होणार आहात. घराचे कर्ज फिटले आहे, बँकेत नऊ लाखांची मुदत ठेव आहे आणि भविष्यनिर्वाह निधी निवृत्तीनंतर हाती येईल. आपण उभयता अठरा दिवसांत पुण्याहून चिकमगळूर, बंडीपूर, उटी आणि परतताना मडिकेरी, मंगळुरू, गोकर्ण, गोवा, मालवण, रत्नागिरी असा प्रवास करू इच्छिता. त्यासाठी आठ वर्षांची हॅचबॅक देऊन पंधरा लाखांची एसयूव्ही घ्यावी, जुन्या गाडीचे तीन लाख वजा जाता बारा लाखांचे कर्ज काढावे, असा आपला विचार आहे. सौभाग्यवतींचे म्हणणे आहे की सहल करावी, पण गाडी घेऊ नये. माझा कौल त्यांच्या बाजूने आहे.

आधी सहलीचा खर्च पाहू. स्थानिक फिरणे धरून अंतर तीन हजार किलोमीटरच्या घरात जाते. लिटरला पंधरा किलोमीटर धरले, तर दोनशे लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे २१,००० रुपये. सतरा रात्रींच्या मुक्कामाला ७५,०००, जेवणाखाण्याला २७,०००, प्रवेश शुल्क व होड्यांना १५,०००, अडीअडचणीला २०,००० आणि राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुमारे ३,००० रुपये, एकूण सुमारे १,६१,०००. आपल्या परिस्थितीत ही रक्कम अवाजवी नाही. मुदत ठेवीतून ती काढताना मला जराही संकोच वाटत नाही, आणि सहल निवृत्तीनंतरवर ढकलण्याचे कारणही दिसत नाही.

गाडीचे गणित मात्र निराळे आहे. बारा लाखांच्या कर्जावर नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी महिना सुमारे २४,९०० रुपयांचा हप्ता बसतो आणि एकूण व्याज तीन लाखांच्या आसपास जाते. त्यातले चोवीस हप्ते पगारातून जातील, परंतु निवृत्तीच्या दिवशी सुमारे ७ लाख ८३ हजारांची बाकी शिल्लक असेल, आणि ती फेडायची म्हटली तर सहलीनंतर उरलेली ठेव, दोन वर्षांचे व्याज धरूनही, जवळजवळ सगळी त्यात जाईल. दरम्यान गाडीची किंमत घसरतच राहते. विमा कंपन्या विमित मूल्य (गाडी चोरीला गेल्यास वा पूर्ण निकामी झाल्यास मिळणारी कमाल रक्कम) ठरवताना दुसऱ्या वर्षी वीस आणि तिसऱ्या वर्षी तीस टक्के घट धरतात. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर बारा टक्के रस्ता कर भरावा लागतो, जो गाडी विकताना कोणी परत देत नाही.

आपण लिहिता की पुढची दहा वर्षे गाडी वापरायचीच आहे. ते मान्य, पण मग तो निर्णय सहलीपासून वेगळा करा आणि निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर, शक्यतो रोखीने, घ्या. सहलीची तारीख जवळ आली म्हणून शोरूममध्ये गेलेला ग्राहक घासाघीस करू शकत नाही.

हप्त्याच्या पैशाला याहून निकडीचे काम आहे. आपला पाच लाखांचा मेडिक्लेम कंपनीचा आहे, म्हणजे नोकरी संपताच तो संपेल. आपल्याला रक्तदाबाचा त्रास आहे आणि आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी लावू शकते, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा खर्च मिळत नाही. आत्ताच दोघांची स्वतंत्र पॉलिसी घेतलीत, तर त्यातली दोन वर्षे कंपनीच्या छत्राखाली निघून जातील. प्रस्ताव अर्जात रक्तदाबाची नोंद अवश्य करा. लपवलेला आजार दावा फेटाळायला पुरेसा होतो.

आता जुन्या गाडीविषयी. बंडीपूरच्या पुढे लागणाऱ्या मसिनगुडीहून उटीला चढणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ वळणे आहेत, त्यामुळे जुनी गाडी तो चढेल का ही आपली धास्ती रास्त आहे. तथापि तिथे गाडीच्या आकारापेक्षा ब्रेक, क्लच आणि कूलंट यांची स्थिती महत्त्वाची ठरते. टायरच्या बाजूवर उमटवलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ते २३१८ असतील, तर टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि त्यावर नक्षी कितीही शाबूत दिसली तरी तो बदलावा. टायर, ब्रेक पॅड, बॅटरी व संपूर्ण सर्व्हिसिंग यांसाठी चाळीस हजार बाजूला ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीऐवजी नोव्हेंबरअखेर निघालात, तर गोवा-मालवणकडचे मुक्कामाचे दर बरेच उतरलेले असतील. बंडीपूरच्या जंगलातून जाणारा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, तेव्हा आगाऊ पैसे भरलेली खोली वाया जाणार नाही अशा बेताने दिवस आखा. उटीसाठी ई-पास, म्हणजे ऑनलाइन प्रवेश परवाना, काढावा लागतो.

नऊ लाखांची ठेव एकाच पावतीची असेल, तर ती मोडू नका, कारण मुदतीआधी मोडल्यास संपूर्ण रकमेचे व्याज घटते आणि वर दंडही बसतो. बँक अंशतः रक्कम काढू देते का ते विचारा. नसेल तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून गरजेपुरती उचल, घ्या. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते.

मेकॅनिकने जुनी गाडी इतक्या लांब नेण्यास स्पष्ट नकार दिला, तर एसयूव्ही भाड्याने घ्या, मात्र काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, म्हणजे भाड्याने देण्यासाठी नोंदलेली. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊन अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. दिवसाला साडेतीन हजार धरले, तरी अठरा दिवसांचे ६३,००० होतात, म्हणजे तीन हप्त्यांहूनही कमी.