प्रसिद्ध गायक कोणता मायक्रोफोन आणि प्रीअँप वापरतात, हे खात्रीने कसे शोधावे?

गायकाचे नाव टाकून शोध घेतला की दहा ठिकाणी दहा निरनिराळ्या मायक्रोफोनची आणि प्रीअँपची (मायक्रोफोनमधून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्राची) नावे मिळतात आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवता येत नाही, अशी आपली अडचण दिसते. या घोळाचे मूळ मला प्रश्नाच्या मांडणीतच दिसते. स्टुडिओतला मायक्रोफोन बहुतेक वेळा गायक निवडत नाही. ध्वनिमुद्रण करणारा इंजिनिअर निवडतो, आणि तोही त्या स्टुडिओत जे उपलब्ध असेल त्यातून, त्या गाण्यासाठी आणि त्या दिवशी गळा जसा लागला असेल त्याप्रमाणे. म्हणून गायकाऐवजी एक ठरावीक गाणे धरावे आणि त्याचा आवाज कोणी, कुठे व कोणत्या वर्षी मुद्रित केला, ते आधी काढावे.

मायकेल जॅक्सन यांचा १९८२चा ‘थ्रिलर’ हा अल्बम घ्या. त्याच्या श्रेयनामावलीत ब्रूस स्वीडिएन या इंजिनिअरचे नाव आहे आणि जॅक्सन यांच्या मुख्य गायनासाठी शुअर एसएम७ हा डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, कमी संवेदनशील) मायक्रोफोन वापरल्याचे स्वीडिएन यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यांच्या स्वतःच्या संग्रहात उत्तमोत्तम कंडेन्सर (विजेवर चालणारे, अधिक संवेदनशील) मायक्रोफोन होते. तरीही त्यांनी हा निवडला, हे नुसत्या तर्काने कोणाच्याही लक्षात आले नसते. इंजिनिअरचे नाव हाती लागले की शोध असा सोपा होतो.

श्रेयनामावली वाचताना एक भेद सांभाळावा लागतो. मिक्सिंग, म्हणजे मुद्रित झालेले सारे आवाज एकत्र जुळवण्याचे काम, करणारा इंजिनिअर पुष्कळदा अधिक प्रसिद्ध असतो, पण त्याच्याकडे आवाज आधीच मुद्रित होऊन आलेला असतो आणि मायक्रोफोन त्याने पाहिलेलाही नसतो. आपल्याला हवे असते ते गायन मुद्रित करणाऱ्याचे नाव. वाद्ये एका स्टुडिओत आणि गायन दुसऱ्या, असेही वारंवार घडते. गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्ये ही माहिती अनेकदा अपुरी असते. डिस्कॉग्ससारख्या ध्वनिमुद्रिकांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मूळ वेष्टनांची छायाचित्रे असतात, त्यांवरील बारीक अक्षरांतला मजकूर वाचण्याचे कष्ट जरूर घ्यावेत. नाव मिळाल्यावर ‘साउंड ऑन साउंड’, ‘मिक्स’ आणि ‘टेप ऑप’ या मासिकांतल्या मुलाखती पाहाव्यात. एखादे गाणे कसे मुद्रित झाले याची तपशीलवार हकिगत तिथे खुद्द इंजिनिअरच्या तोंडून येते, आणि माझ्या लेखी याहून भक्कम पुरावा नाही.

छायाचित्रांचा पुरावा उपयोगी असला तरी फसवा असतो. फ्रँक सिनात्रा यांची १९५०च्या दशकातली कॅपिटल स्टुडिओतली छायाचित्रे पाहिली की नॉयमान यू४७ चटकन ओळखता येतो. पण यू४७ आणि यू४८ हे दोन मायक्रोफोन बाहेरून सारखेच दिसतात. दोन्ही कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकण्याच्या) पद्धतीने चालतात, मात्र यू४७ला दुसरा पर्याय सर्व दिशांनी ऐकण्याचा आहे, तर यू४८ला पुढून आणि मागून ऐकण्याचा. बीटल्सच्या गायनासाठी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओमध्ये हे दोन्ही वापरले गेले, त्यामुळे तिथले नुसते छायाचित्र पाहून छातीठोक विधान करणे धाडसाचे ठरेल. शिवाय यू४७मधली व्हीएफ१४ ही नलिका (व्हॅक्यूम ट्यूब) बनणे केव्हाच बंद झाले असून आज वापरात असलेल्या अनेक नगांत तिच्या जागी दुसरे काही बसवलेले असते, म्हणजे नाव तेच राहिले तरी आतले यंत्र तेच असेल असे नाही. निवडीसाठी तीन-चार मायक्रोफोन एका ओळीत लावलेले असतानाचे छायाचित्रही असू शकते. गाण्याच्या व्हिडिओत दिसणारा मायक्रोफोन तर निव्वळ शोभेचा समजावा.

रंगमंचावरचा मायक्रोफोन हा वेगळाच विषय आहे. तिथे स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरून शिट्टी न वाजणे आणि शेजारच्या ड्रमचा आवाज आत न शिरणे यांना महत्त्व असते, त्यामुळे मैफलीत हातात दिसलेल्या मायक्रोफोनवरून स्टुडिओतल्या मायक्रोफोनचा अंदाज बांधू नये. अपवाद आहेत, यू२ या बँडचे गायक बोनो स्टुडिओतही हातात साधा शुअर एसएम५८ धरून गातात, हे प्रसिद्ध आहे. उत्पादक कंपन्यांच्या पानांवर झळकणारी गायकांची नावे बहुधा जाहिरातीच्या करारातून आलेली असतात. ती खोटीच असतात असे नाही, पण अमुक गाणे त्याच मायक्रोफोनवर मुद्रित झाले, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रीअँपचा शोध याहून कठीण, कारण तो छायाचित्रात सहसा दिसत नाही आणि मुलाखतीतही त्याचा उल्लेख ओझरताच येतो. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत मात्र एक सरळ वाट आहे: तेव्हा प्रीअँप म्हणजे स्टुडिओच्या कन्सोलचाच (सारे आवाज एकत्र येतात त्या मोठ्या नियंत्रण-मेजाचाच) भाग असे, त्यामुळे स्टुडिओ आणि वर्ष कळले की कन्सोल कळतो आणि कन्सोलवरून प्रीअँप. बीटल्सच्या ॲबी रोडमधल्या बहुतेक ध्वनिमुद्रणांमागे ईएमआयने स्वतः घडवलेले आरईडीडी मालिकेचे कन्सोल आहेत, हे असेच काढता येते. आज स्वतंत्र पेटीत मिळणारा नीव्ह १०७३ हादेखील १९७०मध्ये कन्सोलचा एक भाग म्हणूनच जन्माला आला.

अलीकडच्या गाण्यांत ही वाट बंद होते. बिली आयलिश यांचा पहिला अल्बम त्यांचे बंधू फिनिअस यांनी घरातल्या झोपण्याच्या खोलीत नॉयमान टीएलएम १०३ आणि युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलो इंटरफेसवर (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) मुद्रित केला. तिथे प्रीअँप इंटरफेसमध्येच आहे. मुलाखतीत ‘१०७३’ असा उल्लेख आला, तर तो लोखंडी यंत्राचा आहे की संगणकातल्या त्याच नावाच्या नकलेचा, हेही तपासावे लागते. आणि ज्या गुबगुबीत, सतत जवळून येणाऱ्या आवाजाचे श्रेय लोक प्रीअँपला देतात, ते माझ्या मते बहुधा त्यापुढच्या कॉम्प्रेसरचे (आवाजाच्या चढउतारातला फरक कमी करणाऱ्या यंत्राचे) असते. म्हणून आवाज ज्या यंत्रांतून जातो ती साखळी शोधताना त्याचीही नोंद घ्यावी.

मग प्रीअँप अजिबात महत्त्वाचा नाही का? मायक्रोफोनवर अवलंबून आहे. नॉयमान यू८७ एआय हा एक पास्कल दाबाला २८ मिलिव्होल्ट देतो, तर शुअर एसएम७बी जेमतेम १.१२, म्हणजे पंचवीसपट, सुमारे २८ डेसिबलचा फरक. एसएम७बीला साठ डेसिबलच्या आसपास वाढ लागते आणि तेवढी वाढ देताना स्वस्त प्रीअँपची खरखर उघडी पडते. कंडेन्सर वापरणाऱ्याला मात्र एका चांगल्या प्रीअँपवरून दुसऱ्या चांगल्या प्रीअँपवर गेल्याने होणारा बदल, मायक्रोफोनपासून वीतभर मागे सरकल्याने होणाऱ्या बदलापेक्षा बराच कमी जाणवेल.

काही वेळा नाव अचूक सापडूनही त्याने काहीच उलगडत नाही. डेव्हिड बोवी यांचे १९७७चे ‘हीरोज’ बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत मुद्रित झाले, तेव्हा निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी एक मायक्रोफोन तोंडापाशी, दुसरा सुमारे वीस फुटांवर आणि तिसरा दालनाच्या दूरच्या टोकाला, सुमारे पन्नास फुटांवर ठेवला. बोवी यांचा आवाज चढेल तसे दूरचे मायक्रोफोन गेटमुळे (आवाज ठरावीक पातळीपर्यंत चढला की वाट मोकळी करणाऱ्या साधनामुळे) उघडत गेले. त्या गाण्याचा विस्तार या मांडणीतून आणि त्या दालनातून आला आहे.

हे सारे करूनही माहिती मिळाली नाही, तर गायन मुद्रित करणाऱ्या इंजिनिअरलाच लिहावे. अनेकांची स्वतःची संकेतस्थळे असतात. ‘आपण कोणती साधने वापरता’ असे मोघम विचारल्यास उत्तर येण्याची शक्यता कमी. एका गाण्याचे, शक्यतो एकाच कडव्याचे नाव घेऊन मायक्रोफोन कोणता होता, गायक त्यापासून किती अंतरावर उभा होता आणि आवाज मुद्रित होतानाच कॉम्प्रेसरमधून गेला होता का, एवढे तीन प्रश्न विचारावेत.