गुडघ्यातल्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मशीनने मोजल्या तर आकडा खरा असतो का?

तुमच्या वडिलांच्या गुडघ्यातलं पाणी दोन लॅबमध्ये गेलं, एकीचा पांढऱ्या पेशींचा आकडा ९,२०० आला, दुसरीचा १२,६००, आणि आता खरी लॅब कोणती ते तुम्हाला हवंय. दोन्ही खऱ्या धरा. डॉक्टरांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, सांध्यात सूज आहे. भांडायचंच असेल तर आकडा ५०,००० च्या आसपास असताना भांडावं. किंवा गुडघा बदललेला असेल तर ३,००० च्या आसपास, कारण तिथं पुढचं ऑपरेशन त्या आकड्यावर अडलेलं असतं.

मी मिरजेत लॅब टेक्निशियन आहे आणि हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. आमच्या सरांनी नवीन काऊंटर, म्हणजे पेशी मोजायचं मशीन, आणला तेव्हापासून चेंबरवर (रेघा आखलेल्या काचेवर, मायक्रोस्कोपखाली हातानं) मोजणं म्हणजे जुन्या बायकांचं काम, असं लॅबमध्ये ठरून गेलं. रक्तासाठी मशीनला तोड नाही, ते मी कधीच नाकारलं नाही. पण त्या मशीनला बॉडी फ्लुइड मोड, म्हणजे रक्ताशिवायचं शरीरातलं पाणी मोजायची सोय, नव्हता, आणि सांध्याचं पाणी म्हणजे रक्त नव्हे.

एकदा जतकडचे एक आजोबा आले. गुडघा टरारून सुजलेला, पाय टेकवेना. हाडाच्या डॉक्टरांनी पाणी काढून पाठवलं. गढूळ, आत पांढरे तंतू. मशीनवर लावलं, ६२,००० आणि शेजारी फ्लॅग, म्हणजे आकड्याची खात्री नाही ही मशीनची खूण. तीच ट्यूब हलवून पुन्हा लावली, ३८,०००. सर म्हणाले, "मधला टाका." मधला! तेवढ्यात डॉक्टरांचा फोन, की पू असेल तर संध्याकाळीच सांधा उघडून धुवायचा आहे, आकडा सांगा.

मी सलाईनमध्ये थोडं मेथिलीन ब्लू टाकून पाणी पातळ केलं आणि न्यूबाउअर चेंबर (तीच मोजायची काच) भरला. सर मागे उभे, घड्याळ बघत. आकडा २४,००० च्या घरात आला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच फील्डमध्ये सुया दिसत होत्या. पोलरायझर (क्रिस्टल चमकवणारी मायक्रोस्कोपची फिल्टर) लावला तर लखलखीत, काही तर थेट पेशींच्या पोटात. युरिक ॲसिडचे क्रिस्टल, म्हणजे गाऊट. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून बघतात त्यात) जंतू नव्हते. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं, पुढे कल्चरमध्येही (जंतू वाढवून बघतात त्यात) काही वाढलं नाही, आणि आजोबा गाऊटच्या औषधांवर चालायला लागले.

सरांचं म्हणणं काय, तर "मशीन चुकलं नाही, सॅम्पल खराब होतं." अहो, तेच तर! ते मशीन लाल पेशी फोडतं आणि छिद्रातून ठरावीक आकारापेक्षा मोठा जो कण जाईल त्याला पांढरी पेशी म्हणतं. क्रिस्टलचा गठ्ठा, चरबीचा थेंब, तुटक्या पेशींचा कचरा, त्याला सगळे सारखेच. उलट पाण्यात गुठळी झाली की पेशी तिच्यात अडकतात आणि आकडा पडतो. धातूवर धातू घासणारा कृत्रिम खुबा असेल तर झिजेचा कचराही मोजला जातो.

चेंबर मोजणाऱ्यागणिक बदलतो, हा सरांचा हुकमी एक्का. बदलतोच. शंभर पेशी मोजल्या तर नुसत्या योगायोगानं वीस टक्के इकडंतिकडं होतं. पण ते ज्या रिपोर्टचा दाखला देतात, तो एका नव्या मुलानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजताना वापरतात ते डब्ल्यूबीसी फ्लुइड वापरून केला होता. त्यात ॲसेटिक ॲसिड असतं. सांध्याच्या पाण्याला चिकट करणारं हायलुरॉनिक ॲसिड त्यानं दह्यासारखं धरतं, पेशी त्यात बसतात, मग मोजणार काय? दोष बाटलीचा, नाव चेंबरचं. रक्ताळलेलं पाणी असेल तर ०.३ टक्के सलाईन घ्यावं, लाल पेशी फुटतात, बाकी जागेवर राहतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

तर तुम्ही लॅबला विचारा, पाणी जांभळ्या झाकणाच्या, गुठळी होऊ न देणाऱ्या ट्यूबमध्ये दिलं होतं की साध्या? किती वेळानं लावलं? उशीर झाला की पेशी फुटतात, आकडा उतरतो. पॉलिमॉर्फ (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती टक्के, क्रिस्टल बघितले का, कल्चर लावलं का? आणि "मॅन्युअल" लिहिलं असेल तर कशात पातळ केलं तेही विचारा. उत्तर देताना कोण चाचरतं ते बघा.

एक मात्र आहे. बॉडी फ्लुइड मोडची नवी मशीन साध्या पाण्याला चेंबरच्या जवळ जाणारा आकडा देतात, आणि घट्ट पाण्यात आधी हायलुरोनिडेज (चिकटपणा मोडणारं एन्झाइम) घातलं तर अडकतही नाहीत. तेव्हा मशीनचा रिपोर्ट म्हणून फाडून टाकू नका. शिवाय सुया दिसल्या म्हणजे जंतू नाहीतच असं नसतं, दोन्ही एकत्र असू शकतात. स्टेरॉइड चालू असतील तर जंतू असूनही आकडा कमी दिसू शकतो. वडिलांना ताप असेल, गुडघा गरम लागत असेल, तर माझं उत्तर ठेवा बाजूला आणि आजच डॉक्टरांकडं न्या.