बोका लिटर बॉक्स सोडून गादीवर लघवी करतोय, मुद्दाम करतो असं घरचे म्हणतात. कशी शिक्षा केली की सवय सुटेल?

शिक्षा करू नका. आधी त्याला लघवी नीट होतेय का ते बघा.

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांचा बोका आहे, आजवर बॉक्स व्यवस्थित वापरत होता आणि गेले आठ दिवस गादीवर करतोय, मधेच बाथरूमच्या फरशीवर थोडी थोडी. ते 'थोडी थोडी' वाचलं आणि मला राहवलं नाही. नेहमी इथे फक्त वाचत असते, पण यावर लिहायलाच हवं.

आमचा बंडू तेव्हा 3 वर्षांचा होता. दादाचं लग्न झालं, खोल्यांची अदलाबदल झाली, बंडूचा ट्रे बाल्कनीतून उचलून वॉशिंग मशीनच्या शेजारी गेला, वास येतो म्हणून दादाने झाकणवाला बॉक्स आणला आणि वर सुगंधी लिटर, म्हणजे बॉक्समध्ये घालायची वाळू. हे सगळं एका आठवड्यात. त्यानंतर थोड्याच दिवसांत बंडूने दादाच्या नव्या गादीवर केली. मग पुन्हा केली. दादाचं म्हणणं एकच, खोली गेली ना त्याची, त्याचा राग काढतोय, मुद्दाम करतोय, तुझ्या लाडाने बिघडलाय. त्याने मानगूट धरून बंडूचं नाक ओल्या चादरीला लावलं आणि मी तिथे उभी असून गप्प बसले. घरात नवीन माणूस आलंय, पहिल्याच महिन्यात मांजरावरून भांडण नको, असं मला वाटलं.

आठव्या दिवशी रात्री ठरलं की त्याला बॉक्ससकट बाथरूममध्ये ठेवायचं, दुसरी जागाच नसली की झक मारत वापरेल. कडी मी लावली. रात्रभर आतून लिटर खरवडल्याचा आवाज येत होता, आई म्हणालीसुद्धा की बघ, लागली सवय. पहाटे दार उघडलं तर बॉक्समध्ये लघवीने लिटरचा होतो तसा एक गोळा नाही. पांढऱ्या फरशीवर मोहरीएवढे, मुगाएवढे थेंब, पुसले तर फडक्यावर गुलाबी. बंडू मोरीच्या जाळीजवळ पाठ वाकवून बसलेला, जोर करतोय, काही येत नाहीये, मग वळून चाटतोय, परत जोर करतोय, आणि घशातून एक जड आवाज काढतोय जो मी त्याच्या तोंडून आधी कधीच ऐकला नव्हता.

डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि मग माझा हात धरून तिथे टेकवला. आत चेंडूसारखं टणक लागलं. ती लघवीने भरलेली पिशवी होती. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, त्यात बारीक खडा किंवा स्फटिक आणि चिकट स्रावाचा बूच बसला की लघवी मागे तुंबते, किडन्या काम सोडतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. पूर्ण अडकल्यावर हातात एखादा दिवस असतो, फार तर दोन. डॉक्टरांनी विचारलं, बॉक्सच्या बाहेर कधीपासून करतोय? मी म्हणाले, आठ दिवस झाले, पण आम्हाला वाटलं मुद्दाम... आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, टाकला, तीन दिवस तिथेच सलाईनवर होता. वाचला.

म्हणून तुमच्या बोक्याचं आज, आत्ता बघा. बॉक्समध्ये दिवसाला साधारण दोन ते चार नीट गोळे निघायला हवेत. सारखा जाऊन बसतोय आणि थेंबच येतायत, ओरडतोय, खालची जागा सारखी चाटतोय, लघवीत रक्त आहे, यातलं काही असेल तर हे उत्तर पुढे वाचू नका, व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा, रात्र असली तरी जा. सकाळची वाट बघू नका. आणि कोणी म्हणालं दुखत असेल, थोडी पॅरासिटामॉल द्या, तर अजिबात द्यायची नाही, मांजराला ती विषासारखी आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

आता 'मुद्दाम'चं. मांजराला स्वतःच्या लघवीची किळस नसते, आपल्याला असते. त्याने गादीवर करून आपला सूड घ्यायचा तर आधी त्याला हे कळायला हवं की माणसांना हे घाण वाटतं आणि ह्यांची चादर खराब केली की ह्यांची जिरेल. एवढा विचार मांजर करत नाही. त्याला बॉक्समध्ये बसल्यावर दुखलं, तर त्याच्या हिशोबाने बॉक्स दुखवतो, मग तो दुसरी जागा शोधतो, मऊ गादी किंवा गार फरशी. आपण वर मारलं तर तो एवढंच शिकतो की ह्या माणसासमोर करायची नाही, मग कपाटामागे करतो आणि तुम्हाला आठवडाभर पत्ता लागत नाही. शिवाय भीतीने ब्लॅडरची सूज वाढते. तरुण मांजरांमध्ये खडा नाही, इन्फेक्शन नाही, तरी ब्लॅडर सुजलेलं, हे सगळ्यात जास्त दिसतं आणि त्याचा ताणाशी सरळ संबंध आहे. नवीन माणूस, हललेलं फर्निचर, खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका, एवढंही पुरतं. म्हणजे नाक घासून आम्ही त्याचा आजार वाढवत होतो.

बंडू घरी आल्यावर मी कोणाला न विचारता झाकण काढून टाकलं. बंद बॉक्समध्ये वास त्याच्यासाठी कोंडतो, आपल्याला येत नाही एवढंच. सुगंधी लिटर टाकून दिलं, बिनवासाचं बारीक गोळे होणारं घेतलं, दोन-तीन इंच जाडीचा थर. ट्रे परत बाल्कनीत. मशीनचं स्पिन सुरू झालं की तो अर्धवट उठून पळायचा हे वहिनीने पाहिलं होतं, तिने ते मला नंतर सांगितलं, नवीन घरात कसं बोलणार म्हणून तीही गप्प होती. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, दुकानातले बरेचसे लहान पडतात, कपडे ठेवायचा पसरट प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापून घेतलात तरी चालतो. जितकी मांजरं तितके ट्रे आणि वर एक, आणि सगळे एका रांगेत नको, वेगवेगळ्या जागी. रोज दोनदा गोळे काढा. पाणी जास्त पोटात जाईल असं बघा, ओलं खाणं त्यासाठी बरं.

गादी फिनाईलने पुसू नका, ते मांजराच्या पंजाला लागून चाटण्यात जातं आणि त्याला बाधतं. अमोनियावालं क्लीनर पण नको, त्याचा वास त्याला लघवीसारखाच लागतो आणि तो परत तिथेच येतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते भरपूर ओता, आत मुरेपर्यंत, नुसतं वरून पुसून उपयोग नाही.

हो, एक राहिलं. उभ्याने, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारत असेल तर ते वेगळं, ती हद्दीची खूण असते, बहुतेक बोक्यांचं ते नसबंदीनंतर थांबतं किंवा खूप कमी होतं. मांजरी असेल तर मार्ग असा पूर्ण अडकणं क्वचितच, पण दुखणं तिलाही असतंच. म्हातारं मांजर असेल तर किडनी, डायबेटिस, सांधे बघून घ्या, उंच कड्यावरून पाय टाकताना दुखतं म्हणूनही बाहेर करतात. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करायचा, तोही रोज. आणि मी डॉक्टर नाहीये, औषध आणि डाएट तुमचे व्हेटच सांगतील.

दादा अजूनही चार लोकांत सांगतो की तेव्हा धाक लावला म्हणून बोका सुधारला. धाकाने काय झालं ते मी सांगते, पुढचे कितीतरी महिने बंडू दादाच्या पावलांचा आवाज आला की पलंगाखाली जायचा. वहिनीच्या मांडीवर झोपायचा, दादा खोलीत आला की उठायचा. तुमच्या घरात जे कोणी मुद्दाम म्हणतंय ना, त्यांना हे वाचायला द्या, आणि त्यांनी ऐकलं नाही तरी तुम्ही माझ्यासारखं गप्प बसू नका.

बोक्याची नसबंदी झालीये का आणि त्या आठ दिवसांच्या आधी घरात काय बदललं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते सांगा. पण आधी ट्रे बघून या.